साथीचे दिवस आणि घरातली साखर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे आपल्या चिटणीसबाई सांगावयास आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, "मला कुठे लिहिता येते? मी आपली सातवी पास." त्यावर त्या म्हणाल्या, "हळदीकुंकू, हादगा, सहल यांवर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. तुमच्या घरी करोनाच्या वेळी जे झाले, ते कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे. आणखी वीस वर्षांनी कोणाला आठवणार?" तेव्हा आठवते ते, आणि जे विचारून व वाचून समजले ते, लिहीत आहे. लेकीने पुस्तके आणून दिली, डॉक्टरांनी दोनदा बसवून समजावून सांगितले. तरी चूकभूल झाली असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आमच्या घरात साखरेचे दुखणे सासूबाईंच्या माहेराहून आले, असे त्या स्वतःच हसून सांगत. त्यांच्या माहेरच्या तीन पिढ्यांनी तीन मोठ्या साथी पाहिल्या, आणि तिन्ही वेळा घरात मधुमेहाचा रोगी होता. म्हणून त्या तिन्हींची हकिकत सांगितल्यावाचून शेवटची नीट समजावयाची नाही.

पहिली साथ १९१८ सालची, इन्फ्लुएंझाची. आपल्याकडे जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता, तेथून ती शहरात पसरली आणि मग आगगाडीच्या मार्गाने गावोगाव गेली. पावसाळ्यातली लाट सौम्य होती. भाद्रपद-अश्विनात जी दुसरी लाट आली तिने कहर केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबईत ७६८ माणसे मेल्याची नोंद आहे. त्या वर्षी पाऊसही गेला होता, धान्य महाग झाले होते, आणि घरात शुश्रूषा करणाऱ्या बायका रोग्यापाठोपाठ अंथरुण धरीत. आपल्या देशात सव्वा कोटी तरी माणसे गेली असावीत असे अभ्यासक म्हणतात. १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. खानेसुमारी सुरू झाल्यापासून असे एकदाच घडले आहे.

सासूबाईंच्या आजोबांचे थोरले बंधू त्या अश्विनात गेले. मिरजेजवळच्या एका खेड्यात त्यांचे घर होते. घरात सांगत ते असे की, थोरल्या आजोबांना दोन वर्षे प्रमेह होता. परसात ते लघवीस बसत तेथे मुंग्या लागत, त्यावरून वैद्याने ओळखले. मुंग्यांची ही खूण आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. प्रमेहाचे जे वीस प्रकार मानले आहेत त्यांत मधुमेह हा अवघड म्हणून सांगितला आहे. सुश्रुतसंहितेत तर मोठी गमतीची गोष्ट आहे. रोगी गरीब असेल तर त्याने अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षा मागत शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे चालण्याचा उपाय काही आजच्या डॉक्टरांनी काढलेला नाही. पण चालण्याने भागण्यासारखे दुखणे असेल तोवर ठीक. त्यापुढे १९१८ साली जगात कोठेच औषध नव्हते. अमेरिकेत रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने, फार तर एकदोन वर्षे आयुष्य लांबवीत असत. अशा शरीरात मानमोडीचा ताप शिरला म्हणजे काय व्हावयाचे ते उघड आहे. थोरले आजोबा चौथ्या दिवशी गेले. घरात सगळे म्हणत, मानमोडीने गेले. त्यांच्या साखरेचा वाटा त्यात किती होता, हे विचारावे असे तेव्हा कोणाला सुचणेही शक्य नव्हते.

त्यानंतर तीनच वर्षांनी औषध सापडले, ही मला फार चुटपुट लावणारी गोष्ट वाटते. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग नावाचा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी या दोघांनी, प्रोफेसर मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. त्या अर्काने मधुमेही कुत्र्याची साखर उतरली. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचला. पोर नुसता हाडांचा सापळा झाला होता. पहिला अर्क अशुद्ध होता, त्याने टोचल्या जागी गळू झाले. मग कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध करून दिला, आणि बारा दिवसांनी पुन्हा टोचल्यावर मुलाची साखर उतरली. हेच इन्सुलिन. पुढे त्याचे पेटंट त्या मंडळींनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. आज इन्सुलिनची कुपी विकत घेताना मला त्या एका डॉलरची आठवण होते. पण तो विषय वेगळा.

लिओनार्ड त्या इन्सुलिनवर तेरा वर्षे जगला आणि १९३५ साली न्यूमोनियाने गेला. साखर आवरली तरी मधुमेह्याच्या छातीला आलेला रोग हलक्याने घेऊ नये, हे मी पहिल्यांदा त्याच्या हकिकतीवरून समजले. डॉक्टरांनी मला त्याचे कारण सोप्या शब्दांत सांगितले. रक्तात साखर फार झाली की, रोगाशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. आणि ताप आला की, शरीर घाबरून आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते. म्हणजे साखर रोगाला वाढविते आणि रोग साखरेला वाढवितो, असे दोघांचे साटेलोटे असते.

दुसरी साथ १९५७ ची. तीही इन्फ्लुएंझाचीच, पण तिचा विषाणू नवा होता. त्या वर्षी मे महिन्यात सिंगापूरहून आलेल्या बोटीबरोबर ती मद्रासला उतरली आणि दोनतीन महिन्यांत देशभर झाली. १९१८ च्या मानाने ती फारच सौम्य होती. सासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांचे वडील इन्सुलिन घेत. काचेची पिचकारी, जाड सुई, आणि ती रोज पातेल्यात उकळावयाची, असा तो काळ. सुई बोथट झाली की दगडावर घासून धार लावीत. वडिलांना ताप आला, तीन दिवस पेजेपलीकडे काही गेले नाही. तेव्हा आईने विचार केला की, पोटात अन्न नाही तर सुई कशाला? साखर एकदम उतरली तर? म्हणून तिने दोन दिवस सुई दिली नाही. तिसऱ्या दिवशी ते धापा टाकू लागले, तोंडाला कुजक्या फळासारखा वास येऊ लागला, आणि हाक मारली तरी ओ देईनात. सायकलवरून डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहावयाच्या आधी विचारले, "सुई कधी दिलीत?" त्या रात्री वडील वाचले. पण "ताप असला, जेवण नसले, तरी सुई बंद करायची नाही, किती द्यायची ते डॉक्टरांना विचारायचे, पण बंद नाही," हे वाक्य सासूबाईंच्या मनावर जे कोरले गेले ते कायमचे. त्यांना स्वतःला मधुमेह झाला तो पुढे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. मी सून म्हणून आल्यावर मला त्यांनी पुरणपोळीच्या आधी हे वाक्य शिकविले.

आता तिसरी साथ. ती आपण सर्वांनीच पाहिली आहे, म्हणून फार विस्तार करीत नाही. २२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाच वाजता आपल्या गल्लीत थाळ्या वाजल्या. दुसऱ्याच दिवशी आपल्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपुरात, एकाच घरातली चार माणसे बाधित निघाली आणि सगळ्यांच्या पोटात धस्स झाले. बुधवारी २५ तारखेला देशभर टाळेबंदी लागली. त्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारली, पण साखरेच्या गाठी आणावयास दुकान उघडे नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "बरे झाले, या वर्षी देवानेच माझे पथ्य पाळले." ऊस आणि साखर कारखाने यांनी भरलेल्या जिल्ह्यात राहून साखरेचे पथ्य पाळणे हा एक विनोदच आहे, हे आपणांस ठाऊकच आहे.

पथ्याची खरी परीक्षा पुढे होती. तो द्राक्षांचा हंगाम. मिरज-तासगावकडचा माल बाहेर जाईना, व्यापारी येईनात, तेव्हा शेतकरी बिचारे टेंपो घेऊन गल्लोगल्ली फिरू लागले. मिळेल त्या भावाने टोपलीभर द्राक्षे दारात येत. त्यांच्याकडे पाहून घ्यावी तर घरात मधुमेही माणूस, न घ्यावी तर त्याच्या तोंडाकडे पाहवत नसे. आम्ही घेत होतो आणि निम्मी शेजारी वाटत होतो. मग सुरू झाला काढा. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा घ्यावा, हवा तर गूळ घालावा, असे आयुष मंत्रालयाने सांगितले होते. मधुमेह्यांनी च्यवनप्राश घ्यावयाचा तर बिनसाखरेचा घ्यावा, हेही त्यातच होते. पण गुळाचे आणि मनुकांचे तेवढे लोकांच्या लक्षात राहिले, शेवटची ओळ विसरली. आपल्या गल्लीत त्या दोन महिन्यांत औषध म्हणून जितका गूळ पोटात गेला, तितका संक्रांतीलाही जात नसेल. मीही पहिले आठ दिवस सासूबाईंना गुळाचा काढा दिला, हे कबूल करते. यंत्रावर आकडा २८६ आला तेव्हा डोळे उघडले.

हे यंत्र म्हणजे बोटाला टोचून साखर मोजावयाचे. मुलाने ते २०१९ साली घेऊन दिले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टात कृष्णेचा पूर आला आणि आम्ही सहा दिवस दुसऱ्याच्या माडीवर काढले, त्यानंतरची ती खरेदी. पुरात वीज नव्हती, म्हणून इन्सुलिनची कुपी मी ओल्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवीत असे. ती युक्ती टाळेबंदीतही उपयोगी पडली. कारण दोनदोन महिन्यांचे इन्सुलिन आणून ठेवावे लागे आणि उन्हाळ्यात वीज सारखी जाई.

चालणे बंद झाले हे सर्वांत वाईट. सासूबाईंचा नेम रोज घाटापर्यंत जाऊन यावयाचा होता. पोलिसांच्या भीतीने तो सुटला आणि पंधरा दिवसांत साखर चढली. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. मागल्या अंगणात तुळशीला सकाळी १०८ आणि संध्याकाळी १०८ प्रदक्षिणा. मोजण्यासाठी कट्ट्यावर चिंचोके मांडीत. पुण्य किती मिळाले ते देव जाणे, पण वहीतले आकडे उतरले एवढे खरे.

आपल्या मंडळाने त्या वेळी जे काम केले त्याचीही नोंद व्हावी. एप्रिल २०२० मध्ये दवाखाने बंद किंवा अर्धे बंद होते, औषधदुकानात इन्सुलिन आणि यंत्राच्या पट्ट्या दहाबारा दिवस नीट मिळत नव्हत्या. तेव्हा आपल्या अध्यक्षाबाईंनी फोनवरून गल्लीतल्या मधुमेह्यांची यादी केली. कोणाला काय लागते ते वहीत लिहिले आणि एका बाईने सर्वांचे आणावयाचे असे ठरविले. पहिल्या दिवशी यादीत सहा नावे आली. महिन्याअखेर वीसबावीस झाली. उरलेल्या मंडळींनी दुखणे लपवून ठेवले होते! साखर आहे हे कळले तर आपल्याला उचलून नेतील, अशी भीती होती. सप्टेंबरात सरकारची "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम आली, आशाताई दारोदार येऊन ताप आणि प्राणवायू मोजून, घरात मधुमेह, रक्तदाब आहे का ते विचारू लागल्या. तेव्हाही एक भगिनी माझ्या देखत "आमच्याकडे कोणाला काही नाही" म्हणाल्या. त्यांच्या यजमानांच्या गोळ्या मीच आणून देत असे. मी गप्प राहिले. आज वाटते, बोलावयास हवे होते.

त्याच सप्टेंबरात सासूबाईंना करोना झाला. ताप, खोकला, तोंडाला चव नाही. चार घास जात नव्हते, तरी यंत्रावर आकडा ३४०! पोटात अन्न नाही तर साखर आली कोठून, असे मी फोनवर डॉक्टरांना विचारले. "यकृतातून," ते म्हणाले, "तापात ते कोठार उघडे टाकते." टाळेबंदी लागली त्याच दिवशी फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम सरकारने काढले होते, त्याचा आम्हांला फार आधार झाला. दिवसातून चार वेळा मोजावयाचे, आकडा कळवावयाचा, ते सुईचे माप सांगत. मीठ घातलेली पेज, ताक, आणि पाणी सारखे. पाचव्या दिवशी पहाटे सासूबाईंना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. आकडा ५८. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले. जन्मभर जिला नाही म्हटले ती साखर अशा वेळी औषध होते. अठरा दिवसांनी त्या उठून बसल्या. डॉक्टर म्हणाले, "आजींना वहीने वाचवले." मला मनातून अभिमान वाटला. तो अभिमान फार दिवस टिकावयाचा नव्हता.

१ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस सुरू झाली. पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसांना ठराविक रोग असतील तरच मिळे, आणि त्या यादीत मधुमेह दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा असावा लागे. आपल्या एका भगिनीचा मधुमेह सात वर्षांचा, म्हणून त्यांना परत पाठविले. रोगाला काय, दहा वर्षे पुरी होईपर्यंत तो ओसरीवर बसून राहतो थोडाच! महिन्याने, १ एप्रिलपासून, पंचेचाळीसच्या पुढे सर्वांनाच खुली झाली, तेव्हा त्यांचे काम झाले. सासूबाईंनी पहिली लस मार्चमध्येच घेतली.

माझे धाकटे दीर त्रेचाळीस वर्षांचे. त्यांची पाळी १ मेपासून होती, आणि तेव्हाही लस मिळत नव्हती. एप्रिलच्या शेवटी त्यांना करोना झाला. दुसऱ्या लाटेत खाट मिळविण्यासाठी काय करावे लागे ते सांगत बसत नाही, ज्याच्या त्याच्या घरी ते झालेच आहे. एका खाजगी दवाखान्यात जागा मिळाली. आठ दिवस प्राणवायू लावला, स्टेरॉइडची इंजेक्शने दिली. येथे मला एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. ते औषध त्यांना आवश्यकच होते. जून २०२० मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डच्या लोकांनी मोठी पाहणी करून सिद्ध केले होते की, ज्यांना प्राणवायू लावावा लागतो अशा रोग्यांचे मृत्यू डेक्सामेथासोन नावाच्या साध्या, स्वस्त स्टेरॉइडने कमी होतात. ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना मात्र त्याचा उपयोग नाही. दिरांना लागत होता. त्या औषधानेच ते घरी आले, असे मी मानते.

घरी येताना गोळ्या दिल्या आणि एक कागद दिला. जाऊबाई स्वतः अंथरुणात, मुले आजारी, म्हणून दिरांना आम्ही आमच्याकडेच आणले. औषधे माझ्या हाती. कागद इंग्रजीत. गोळ्यांची नावे मी अक्षर लावून वाचू शकते, आणि पुढे एक-शून्य-एक असे लिहिलेले असते त्यावरून सकाळ-संध्याकाळ कळते. तेवढे मी नेमाने केले. गोळ्या संपल्या तेव्हा अशक्तपणा होताच, म्हणून कागद दाखवून दुकानातून आणखी एक आठवडा त्याच आणल्या. दुकानदाराने दिल्या. कागदाच्या तळाशी सहीच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती मला सहीचाच भाग वाटली.

दिरांना तहान फार लागे. रात्री चारपाच वेळा उठत. आजारातून उठलेल्या माणसाला तहान लागते असे मी म्हणे, आणि शक्ती यावी म्हणून शहाळे, मोसंबीचा रस, खजूर देत असे. एकोणीस-वीस वर्षे मधुमेह्याच्या घरात वावरलेली मी! सासूबाईंचे यंत्र त्याच खोलीतल्या कपाटात होते. त्यांची साखर मी रोज मोजत होते. दिरांचे बोट टोचावे असे एकदाही मनात आले नाही. कारण साखर सासूबाईंची, यंत्र सासूबाईंचे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी ते म्हणाले, "वहिनी, दात दुखतोय आणि गाल बधिर झालाय." दुसऱ्या दिवशी डावा डोळा सुजला, एकाची दोन माणसे दिसू लागली. नाकातून काळपट पाणी आले. तोवर वर्तमानपत्रांत काळ्या बुरशीच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. केंद्र सरकारने तर २० मे रोजी प्रत्येक रोग्याची नोंद कळविण्यास राज्यांना सांगितले होते. आम्ही लगेच मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे पहिल्यांदा साखर मोजली. ४८२.

या रोगाचे खरे नाव म्युकरमायकोसिस. ही बुरशी काही कोठून परदेशातून आलेली नाही. मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत ती असतेच, आणि निरोगी माणसाला काही करीत नाही. ती स्वतः काळीही नसते. तिने रक्तवाहिन्या बंद पाडल्या की मांस मरून काळे पडते. भारतात हा रोग पूर्वीही इतर देशांपेक्षा पुष्कळ अधिक होता, कारण आपल्याकडे न आवरलेला मधुमेह अधिक. २०२१ मध्ये जे रोगी झाले त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि बहुतेकांनी स्टेरॉइड घेतले होते. स्टेरॉइडने साखर चढते, आणि शरीराची रोगाशी झगडण्याची ताकदही कमी होते. सकाळची उपाशीपोटीची साखर अशा वेळी ठीक दिसू शकते आणि दुपारनंतर ती भडकते, म्हणून दुपारीही मोजावी लागते, हे मला मागाहून कळले. दिरांना मधुमेह आधीपासून असावा, फक्त कोणी पाहिला नव्हता, असे डॉक्टरांचे मत पडले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी त्यांनी केली, त्यावरून हे समजले.

अॅम्फोटेरिसिन नावाचे इंजेक्शन लागे. ते तेव्हा बाजारात नव्हते, सरकारमार्फत वाटून मिळे. आमचे यजमान आणि पुतण्या रोज कागद घेऊन रांगेत. एक दिवस मिळे, एक दिवस नाही. शस्त्रक्रिया दोन झाल्या. दुसऱ्या वेळी डावा डोळा काढावा लागला. मेंदूकडे जावयाच्या आत थांबले, म्हणून जीव वाचला.

ते रुग्णालयात असताना माझ्या लेकीने फायलीत तो पहिल्या दवाखान्याचा कागद पाहिला. "आई, यावर लिहिलंय, रोज शुगर तपासा आणि पाच दिवसांनी गोळ्या बंद." सहीच्या वरची ती ओळ. ती मराठीत लिहावी किंवा तोंडी सांगावी एवढी सवड त्या गर्दीत दवाखान्याला नव्हती, हे खरे. दुसऱ्या आठवड्याच्या गोळ्या देताना दुकानदाराने कागद वाचावयास हवा होता, हेही खरे. पण ते सगळे बाजूला ठेवले तरी यंत्र कपाटात होते. मी दिरांना आणि जाऊबाईंना हे घरी आल्यावर स्पष्ट सांगितले. जाऊबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दीर म्हणाले, "वहिनी, मला तरी कुठे माहीत होतं?" पुढे या विषयावर आमचे बोलणे झालेले नाही.

२०२३ साली आयसीएमआरची देशभरची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाखांना त्याच्या उंबरठ्यावरची साखर असल्याचा अंदाज दिला आहे. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे सांगितले. आकड्यांपेक्षा आपल्या मंडळातला अनुभव मला अधिक बोलका वाटतो. २०२१ च्या दिवाळीपासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंडळाच्या खोलीत ज्यांना हवे त्यांची साखर मोजण्याचा परिपाठ सुरू झाला. पहिल्याच दोन शनिवारी, मला काही नाही म्हणून गमतीने बोट पुढे केलेल्या चौघांना मधुमेह निघाला. त्यांतल्या दोघी आपल्या कार्यकारिणीत आहेत. दवाखान्याचा कागद आणून "हा जरा वाचून द्या" म्हणणाऱ्या भगिनीही आता शनिवारी येतात, आणि शिकलेल्या मुली तळाची ओळसुद्धा वाचून सांगतात.

सासूबाई २०२४ च्या मार्गशीर्षात वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी झोपेत गेल्या. त्यांची आकड्यांची वही अर्धी कोरी राहिली होती. दीर आता तीच वही वापरतात. शनिवारी ते यंत्र घेऊन मंडळाच्या खोलीत माझ्याबरोबर बसतात. बोट टोचण्याचे काम माझे, लिहिण्याचे त्यांचे. गेल्या शनिवारी त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ होती. त्याखाली माझी, १०९. डॉक्टरांनी मला भात कमी करावयास सांगितले आहे.